परिचारिकांची निर्यात आणि कौशल्याची तूट

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्यासंबंधी करार केला. दहा हजार तरुण-तरुणींना जर्मन भाषा शिकवून तिकडे पाठवावे, असा त्यामागील संकल्प होता. मागणी असलेल्या व्यवसायांच्या यादीत वीजतंत्री आहेत, वाहनचालक आहेत, प्रयोगशाळा सहायक आहेत आणि अर्थातच परिचारिकाही आहेत. या कराराचे स्वागत झाले, आणि ते स्वाभाविकच होते. एका देशात म्हातारी माणसे वाढत आहेत व त्यांची शुश्रूषा करावयास हात नाहीत. दुसऱ्या देशात हात आहेत, पण त्यांना पुरेसे दाम देणारे काम नाही. अशा वेळी देवघेव व्हावी आणि दोघांचेही भले व्हावे, हे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पहिल्या धड्यातच सांगितलेले असते.

तथापि त्या धड्यातील माल आणि प्रस्तुतचा माल यांत एक फरक आहे. रत्नागिरीहून निघालेला हापूस आंबा लंडनच्या बाजारात उतरला तरी तो आंबाच राहतो. रत्नागिरीची परिचारिका स्टुटगार्टला उतरते तेव्हा ती परिचारिका राहिलेली असते असे नाही. विमानात बसेपर्यंत ती तीन किंवा चार वर्षे शिकलेली, परिषदेकडे नोंदलेली, कदाचित अतिदक्षता विभागात पाच-सात वर्षे काढलेली अशी व्यावसायिक स्त्री असते. विमानातून उतरल्यावर तिचे पद 'मदतनीस' असे असते. तिच्या हातातील कसब एका रात्रीत नाहीसे झालेले नसते. नाहीशी झालेली असते ती त्या कसबाची मान्यता. यालाच समाजशास्त्राच्या परिभाषेत कौशल्यऱ्हास म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे. ऱ्हास म्हटले की काहीतरी आपोआप झिजल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात येथे एकाचे नुकसान होत असते आणि त्याच रकमेचा लाभ दुसऱ्या कोणाला तरी होत असतो.

जर्मनीतील रूढ पद्धत पाहण्यासारखी आहे. परदेशी परिचारिकेने मान्यतेसाठी अर्ज केला, की तिच्या अभ्यासक्रमातील विषय व तास तेथील अभ्यासक्रमाशी ताडून पाहिले जातात. आपण होऊन परीक्षेचा मार्ग पत्करला नसेल, तर काही काळाने तिच्या हाती एक सरकारी पत्र पडते. त्याचे जर्मन नाव 'डेफिझिटबेशाइड', म्हणजे शब्दशः उणिवेची किंवा तुटीची नोटीस. अंदाजपत्रकातील तूट आपल्या परिचयाची असते. माणसाची तूट अशी शिक्कामोर्तब करून पाठविण्याची कल्पना त्या शिस्तप्रिय देशालाच सुचावी! या नोटिशीत अमुक विषयाचे इतके तास कमी, तमुक प्रात्यक्षिक नाही, असा तपशील असतो. ती तूट भरून काढण्याचे दोन मार्ग असतात. एक तर रुग्णालयात राहून पूरक प्रशिक्षण घ्यावयाचे, किंवा ज्ञानपरीक्षेला बसावयाचे. त्याबरोबर जर्मन भाषेची 'बी-२' ही पायरी ओलांडावी लागते. गंमत अशी, की जर्मनीत परिचर्या हे परंपरेने तीन वर्षांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाने शिकविले जाते, तर आपल्याकडील बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची विद्यापीठीय पदवी आहे. म्हणजे अनेकदा पदवीधर स्त्रीच्या हाती पदविकेच्या मापाने मोजलेली तूट ठेवली जाते.

हे सर्व होईपर्यंत ती वॉर्डात काम करीतच असते. रुग्णांना आंघोळ घालणे, कपडे बदलणे, जेवण भरविणे, कूस पालटून देणे ही कामे ती करते. औषधे देणे व निर्णय घेणे हे मात्र तिच्या कक्षेबाहेर असते. वेतन अर्थात मदतनिसाचे. पण एखाद्या रुग्णाचा श्वास बदलला, चेहरा काळवंडला, तर ते तिला इतर मदतनिसांच्या आधी कळते, कारण तिचे डोळे परिचारिकेचेच असतात. ते डोळे रुग्णालयाला मिळतात आणि त्यांचे मूल्य वेतनपत्रकात येत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, मदतनीस आणि परिचारिका यांच्या मासिक वेतनात पाचशे युरोंचा फरक आहे व मान्यता मिळावयास अठरा महिने लागले. नऊ हजार युरो झाले. ही रक्कम त्या मुलीच्या खात्यातून कोणी काढून घेतली नाही, म्हणून तिची तक्रार कोठे नोंदली जात नाही. इतकेच नव्हे, तिला स्वतःलाही ती सहसा जाणवत नाही. कारण ती आपल्या नव्या वेतनाची तुलना सांगलीच्या किंवा नांदेडच्या खाजगी रुग्णालयातील पगाराशी करते आणि युरोला रुपयांनी गुणते. त्या गुणाकारात तोटा झाकला जातो. पण भाडे तेथले द्यावयाचे, भाजी तेथली घ्यावयाची आणि थंडीचा कोट तेथल्या दुकानातून आणावयाचा, तर तुलनाही तेथल्याच परिचारिकेच्या वेतनाशी व्हावयास हवी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संधीत्यागाचा खर्च शिकवताना यापेक्षा चांगले उदाहरण सापडणार नाही.

जर्मनीची रीत निदान पुढे जाणारी आहे. जपानचा अनुभव याहून बोलका आहे. इंडोनेशिया व फिलिपिन्स यांच्याशी झालेल्या आर्थिक भागीदारीच्या करारांखाली जपानने २००८ साली इंडोनेशियाच्या व २००९ साली फिलिपिन्सच्या परिचारिकांना दार उघडले. येणाऱ्या मुली प्रशिक्षित होत्या, अनुभवी होत्या. अट एवढीच होती, की तीन वर्षांच्या आत जपानची राष्ट्रीय परिचर्या परीक्षा जपानी भाषेत उत्तीर्ण व्हावे, नाहीतर परत जावे. तोपर्यंत रुग्णालयात मदतनीस म्हणून काम. २००९ साली ८२ उमेदवार परीक्षेस बसल्या. एकही उत्तीर्ण झाली नाही. २०१० साली २५४ बसल्या आणि तिघी उत्तीर्ण झाल्या. त्याच परीक्षेत जपानी उमेदवारांचे उत्तीर्णतेचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. या मुलींना शुश्रूषा येत नव्हती असे कोण म्हणेल? अंथरुणावर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेला जपानी वैद्यकात 'जोकुसो' असा चित्रलिपीतील शब्द आहे आणि ती लिपी सामान्य जपानी माणसालाही अडखळविणारी आहे. जकार्ताच्या मुलीने अशा जखमा शेकड्यांनी धुतल्या असतील; तो शब्द मात्र तिला वाचता येत नव्हता. पुढे टीका झाली, आणि २०१३ पासून परदेशी उमेदवारांना वेळ वाढवून देण्यात आला व प्रश्नपत्रिकेतील चित्राक्षरांवर उच्चार छापण्यात येऊ लागले. तरीही उत्तीर्णांचे प्रमाण अल्पच राहिले. दरम्यान जपानी रुग्णालयांना काही वर्षे अत्यंत कुशल मदतनीस मिळाल्या, हे लक्षात घेतले पाहिजे. २०२१ च्या जानेवारीत भारतानेही जपानशी 'विशिष्ट कौशल्य' असलेले कामगार पाठविण्याचा करार केला आहे. त्याच्या त्या वेळच्या चौदा क्षेत्रांत वृद्धांची शुश्रूषा हे एक क्षेत्र होते. शुश्रूषा हे क्षेत्र तेथे परिचर्येहून वेगळे व तिच्या खालचे मानले जाते, हे आपल्याकडील जाहिरातींत क्वचितच सांगितले जाते.

कॅनडात तर काही काळ असा पेच होता, की त्यात कौशल्य खरोखरीच कायद्याच्या दृष्टीने मरून जावे. १९९२ पासून २०१४ पर्यंत तेथे घरी राहून शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक खास योजना होती. परक्याच्या घरात राहून चोवीस महिने मुलांची वा वृद्धांची काळजी घेतली, की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येई. या मार्गाने आलेल्यांत फिलिपिन्सच्या प्रशिक्षित परिचारिका मोठ्या संख्येने होत्या. इकडे परिचारिकेचा परवाना मागावयाचा, तर गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष परिचर्या केल्याचा पुरावा लागे. ओंटारिओ प्रांतातही अशी मुदत असे. घरकामाची वर्षे त्यात धरली जात नसत. म्हणजे देशात राहण्याचा हक्क मिळविण्यासाठी जी वर्षे घालवावयाची, तीच वर्षे व्यवसायाचा हक्क घालवीत. दोन खात्यांनी आपापले नियम शुद्ध बुद्धीने केले असतील. त्या दोन नियमांच्या फटीत माणसे अडकली.

ब्रिटनचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी नोंदविण्याजोगे आहे. तेथील सरकारी रुग्णालयांत येणारी परदेशी परिचारिका प्रथम खालच्या श्रेणीत असते, पण प्रात्यक्षिक परीक्षा व नोंदणी काही महिन्यांच्या ठरावीक मुदतीत पूर्ण व्हावी अशी व्यवस्था आहे. नापास होणाऱ्यावर ती मुदत कठोर आहे हे खरेच. पण काळाला मर्यादा घालता येते, एवढे तरी तिच्यावरून सिद्ध होते. नोंदणीनंतरही दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेली स्त्री सर्वसाधारणपणे पाचव्या श्रेणीच्या पायथ्याशी, म्हणजे कालच शिक्षण संपविलेल्या ब्रिटिश मुलीच्या शेजारी उभी केली जाते. आपल्याकडे शिरेत सुई घालून सलाईन लावणे हे परिचारिकेचे रोजचे काम. तेथे त्यासाठी पुन्हा वेगळे प्रशिक्षण व प्रमाणपत्र घेईपर्यंत तिला रुग्णाच्या शिरेला हात लावता येत नाही.

याहून बिकट अवस्था झाली ती सरकारी रुग्णालयांच्या बाहेर, वृद्धाश्रमांत व घरोघरी काम करणाऱ्यांची. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने शुश्रूषा कामगारांना व्हिसा देण्यास प्रारंभ केला. परिचारिकेच्या नोंदणीसाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा ज्यांना जड गेली होती, अशा अनेक भारतीय परिचारिका या मागच्या दाराने आत गेल्या. 'एकदा पोहोचू, मग पाहू' हा विचार त्यामागे होता आणि तो मूर्खपणाचा नव्हता. मार्च २०२४ मध्ये या कामगारांना कुटुंबीय बरोबर आणण्यास मनाई झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून नव्याने परदेशांतून भरती करण्याचा तो मार्गच बंद झाला. जे आत गेले ते एका मालकाच्या परवान्याला बांधलेले, आणि ज्या मालकांचे परवाने रद्द झाले त्यांच्या कामगारांपुढे ठरावीक मुदतीत दुसरा मालक शोधा किंवा परत जा, हे दोनच पर्याय.

### स्पर्शाचे काम

येथे एका नाजूक मुद्द्याकडे वळले पाहिजे. परदेशातून आलेल्या तक्रारींत एक सूर नेहमी ऐकू येतो : 'नर्स म्हणून गेले आणि म्हाताऱ्यांना आंघोळ घालावी लागते.' या तक्रारीत कौशल्यऱ्हासाचा भाग किती आणि आपल्या समाजाच्या सवयीचा भाग किती, हे वेगळे काढल्याशिवाय विचार पुढे जाणार नाही.

आपल्या रुग्णालयांची रचना आठवून पाहावी. रुग्णाजवळ एक नातेवाईक रात्रंदिवस बसलेला असतो. बेडपॅन देणे, अंग पुसणे, पेज भरविणे ही कामे तो करतो, किंवा वॉर्डातील मावशी चार पैसे घेऊन करतात. परिचारिका औषधे देते, इंजेक्शने टोचते, नोंदी लिहिते, डॉक्टरांबरोबर फेरीला असते. पन्नास-साठ खाटांमागे एक-दोघी असतील तर याहून निराळे होणेही शक्य नाही. परंतु केवळ मनुष्यबळाच्या अभावाने ही वाटणी झालेली नाही. मलमूत्राशी, रक्ताशी, परक्या देहाशी येणारा संबंध हा आपल्या समाजाने जातीच्या उतरंडीत तळाशी ढकललेला आहे. परिचर्येच्या व्यवसायाकडे सवर्ण घरांतील मुली कित्येक दशके फिरकल्या नाहीत आणि मिशनच्या दवाखान्यांत शिकलेल्या ख्रिस्ती मुलींनी, विशेषतः केरळच्या मुलींनी, मुंबई-पुण्याची रुग्णालये चालविली, ते याच कारणाने. जर्मनीत वा ब्रिटनमध्ये रुग्णाला स्वच्छ ठेवणे हा परिचर्येचा पाया समजला जातो. आंघोळ घालताना कातडी कोठे लाल झाली आहे, माणूस कोणत्या बाजूला वळताना कण्हतो, त्याची बुद्धी आज जागेवर आहे की नाही, हे प्रशिक्षित डोळ्याला कळते. म्हणून ते काम प्रशिक्षित माणसाने करावयाचे असते. या रीतीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट आपल्याकडील परिचर्येतून जे गळून गेले आहे ते त्यांनी टिकविले आहे, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा रुग्णाला आंघोळ घालावी लागणे म्हणजे कौशल्यऱ्हास नव्हे. आंघोळ घालताना जे दिसले त्यावर काही करण्याचा अधिकार नसणे, दिसलेले सांगितले तर कोणी ऐकून न घेणे, आणि पाहण्याची विद्या असूनही न पाहणाऱ्याचे वेतन मिळणे, हा कौशल्यऱ्हास होय. हा भेद न केल्यामुळे एकीकडे खरी तक्रार 'नखरे' म्हणून उडवून लावली जाते, तर दुसरीकडे आपल्या मनातील विटाळ अन्यायाचे रूप घेऊन मिरवतो.

परीक्षांचेही तसेच. औषधाच्या मात्रेतील एका दशांश चिन्हाने माणूस दगावतो. भाषा कळत नसलेल्या परिचारिकेच्या हाती वॉर्ड सोपवावा असे कोणीही म्हणणार नाही. आपल्या देशातही तीच काळजी हवी. त्यातच आपल्याकडील काही खाजगी नर्सिंग महाविद्यालयांचा दर्जा पाहता परक्या देशाने कागदावर विश्वास न ठेवता पारखून घ्यावे, यात राग येण्यासारखे काही नाही. प्रश्न आहे तो पारख पूर्ण होईपर्यंतच्या काळाची किंमत कोणी सोसावयाची, हा.

### गळती आणि नासाडी

१९७० च्या दशकात 'ब्रेन ड्रेन' हा शब्द आपल्या वृत्तपत्रांत रुजला. १९७२ साली जगदीश भगवती यांनी सुचविले, की विकसनशील देशांतून गेलेल्या शिक्षितांच्या उत्पन्नावर एक जादा कर बसवावा आणि त्याचे उत्पन्न त्या देशांना मिळावे. कल्पना व्यवहारात आली नाही, पण चर्चा खूप झाली. त्या साऱ्या चर्चेत एक गृहीत होते : एका हौदातून वाहून गेलेले पाणी दुसऱ्या हौदात पडते. आपले नुकसान तो त्यांचा लाभ. परिचारिकांच्या बाबतीत हौदांमधल्या पाटातच बरेच पाणी मुरते. देणाऱ्या देशाने तिच्या शिक्षणावर खर्च केलेला असतो, घेणाऱ्या देशाला परिचारिका हवी असते, आणि मधल्या काळात मिळते ती मदतनीस. ही गळती नव्हे, नासाडी आहे.

ही नासाडी बाजार आपण होऊन का थांबवीत नाही? गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात सर्वसामान्य कौशल्य आणि विशिष्ट कौशल्य असा भेद केला. जे कौशल्य कोठेही उपयोगी पडते त्याचा खर्च कामगार सोसतो व लाभही त्यालाच मिळतो. जे एकाच मालकाकडे उपयोगी, त्याचा खर्च मालक उचलतो. परिचर्या हे पहिल्या प्रकारचे कौशल्य. तापाची नाडी कोल्हापुरात आणि कोलोनमध्ये सारखीच लागते. पण सरहद्द ओलांडली, की कायदा तिला दुसऱ्या प्रकारात टाकतो. तिचा व्हिसा एका मालकाशी बांधलेला, तिची परीक्षा त्या मालकाच्या सोयीने ठरणारी, तिच्या करारात ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याचे कलम. म्हणजे खर्च सोसावयाचा तिने आणि बांधिलकीचा लाभ घ्यावयाचा मालकाने. मान्यतेची प्रक्रिया रेंगाळण्यात ज्याचे काही बिघडत नाही, त्याच्याच हाती तिची किल्ली असते. त्यात दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. हिशेब तसा मांडलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सात परिचारिकांपैकी एक जन्मदेशाबाहेर काम करते. श्रीमंत देशांत हे प्रमाण त्याहून अधिक. तेव्हा हा मूठभर मुलींचा प्रश्न उरलेला नाही.

तरीही मुली जातात, आणि 'जाऊ नका' असे त्यांना सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. २०११ च्या सुमारास मुंबई, दिल्ली आणि केरळमधील खाजगी रुग्णालयांत परिचारिकांचे संप झाले. त्यांच्या मागण्यांत पगारवाढ तर होतीच. पण बाँडची सक्ती बंद करा आणि आमची मूळ प्रमाणपत्रे परत द्या, ही मागणीही होती. म्हणजे मालकाशी बांधून घालण्याची विद्या परदेशी मालकांनी शोधलेली नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नास खाटांच्या आतील खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान वीस हजार रुपये वेतन असावे आणि दोनशे खाटांवरील रुग्णालयांत ते सरकारी परिचारिकेइतके असावे, अशी शिफारस केली. ती शिफारस बहुतेक ठिकाणी शिफारसच राहिली. अशा स्थितीत जमीन गहाण टाकून, दागिने मोडून मुली विमानाचे तिकीट काढतात यात नवल ते काय? कुवेतच्या भरतीत काही हजारांत बसावयाचे शुल्क वीस-वीस लाखांवर गेल्याचे प्रकार उघडकीस आले, तेव्हा २०१५ साली केंद्र सरकारला आखाती देशांसह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी यंत्रणांकडे सोपवावी लागली. जर्मनी व ब्रिटन त्या अठरांत नाहीत. आपल्या मुलींचा ओघ तिकडे वळत असताना संरक्षणाचा नियम मात्र आखातापुरता राहिला आहे.

### टिकाव

या परिस्थितीत त्या मुली टिकाव कशा धरतात? बहुतेकींना आधार असतो तो आधी गेलेल्या मैत्रिणींचा. चौघी-पाचजणी मिळून एक घर घेतात. ड्यूटीवरून आल्यावर स्वयंपाकघरात उशीला रुग्ण समजून प्रात्यक्षिक परीक्षेचा सराव चालतो. एक परीक्षक होते, एक परिचारिका, आणि तिसरी घड्याळ धरून बसते. पुष्कळशा आपण होऊन रात्रपाळी मागून घेतात. भत्ता जास्त मिळतो हे एक कारण. रात्री बोलावे कमी लागते हे दुसरे. ते दुसरे कारण घरी फोनवर सांगितले जात नाही. घरी सांगितले जाते ते एवढेच, की काम चांगले आहे. मदतनीस हा शब्द गावात कोणालाच कळू दिला जात नाही, कारण कर्ज काढले होते ते परिचारिकेच्या नावाने.

पण हा एकेकटीने सोसण्याचा मार्ग हाच एकमेव नाही. पश्चिम जर्मनीने १९६० आणि १९७० च्या दशकांत दक्षिण कोरियातून दहा हजारांवर परिचारिका व मदतनीस आणल्या. केरळच्या मुलीही चर्चच्या मार्फत त्याच काळात तेथे गेल्या. तेलसंकटानंतर मंदी आली, आणि त्यांचे परवाने वाढविण्यास ठिकठिकाणी नकार मिळू लागला. केरळच्या कित्येकजणी मुकाट्याने परतल्या. कोरियन परिचारिकांनी १९७७-७८ मध्ये सह्यांची मोहीम काढली, सहकारी जर्मन स्त्रियांना आणि वृत्तपत्रांना बरोबर घेतले आणि राहण्याचा हक्क मिळविला. अलीकडचे उदाहरण भारतीयांचेच आहे. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे शुश्रूषा कामगार म्हणून राबलेल्या भारतीय परिचारिकांनी परिचर्या परिषदेकडे पाठपुरावा केला : आम्ही दिवसभर तुमच्या रुग्णांशी इंग्रजीतच बोलतो, मग भाषेच्या लेखी परीक्षेत अर्ध्या गुणाने राहिल्याने आम्ही जन्मभर बाहेर का? फेब्रुवारी २०२३ पासून परिषदेने नियम बदलला. थोड्या गुणांनी राहिलेल्या उमेदवाराच्या बाबतीत, किमान वर्षभर तेथे काम केले असल्यास, मालकाने दिलेला भाषेचा दाखला विचारात घेण्यास सुरुवात झाली. ज्यांनी हे घडवून आणले त्यांतील अनेकींची उमेदीची वर्षे तोवर निघून गेली होती.

आता महाराष्ट्राच्या कराराकडे पुन्हा वळावयाचे, तर पाठविण्याची संख्या हा यशाचा निकष मानणे प्रथम सोडले पाहिजे. किती गेल्या यापेक्षा गेलेल्यांपैकी किती जणींना किती महिन्यांत परिचारिकेची मान्यता मिळाली, हा आकडा शासनाने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. केरळने २०२१ च्या डिसेंबरात जर्मनीच्या सरकारी रोजगार यंत्रणेशी थेट करार केला, त्यात भरतीचा भार उमेदवाराने नव्हे तर मालकाने उचलावयाचा आहे. तेच तत्त्व येथे का असू नये? भाषेची 'बी-२' पायरी आणि कागदपत्रांची छाननी येथेच, पुण्यात किंवा नागपुरात, पूर्ण व्हावी, म्हणजे परदेशातील मदतनीसपणाचा काळ निम्म्याने तरी घटेल. जो काळ उरेल त्याला करारात तारीख असावी. मान्यतेची प्रक्रिया मालकाच्या किंवा खात्याच्या विलंबाने त्या तारखेपलीकडे लांबली, तर पुढील महिन्यांचे वेतन परिचारिकेच्या श्रेणीने द्यावे लागावे. विलंब महाग झाला की तो कमी होतो, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. परतणाऱ्या परिचारिकेचा तेथील काळ सरकारी नोकरभरतीत अनुभव म्हणून कसा धरावयाचा, याचाही निर्णय ती गेल्यावर नव्हे, जाण्यापूर्वी व्हावयास हवा.

आणि प्रत्येक करारपत्रावर वेतनाचे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असावेत : मदतनीस असेपर्यंत हातात येणारी रक्कम आणि मान्यतेनंतर येणारी रक्कम, दोन्ही युरोत, तेथील घरभाडे वजा जाता. रुपयांतील आकडा त्या कागदावर छापूच नये. सही करण्यापूर्वी तो कागद मुलीला आणि तिच्या वडिलांना मराठीत वाचून दाखवावा. कर्ज बहुधा त्यांच्याच नावावर असते.